साली मुरल्या, गोठा सावरला

मे महिन्यात आमच्या रत्नागिरीकडे घरोघरी, कारखान्यांतून आमरस काढायची घाई असते, आणि सालींचे ढीग लागतात. आंब्याच्या वजनाचा तिसरा हिस्सा तरी साल नि बाठ्यातच जातो. दोन दिवसांत वास, चिलटं आणि शेजाऱ्यांची बोलणी! मग काय, घमेलं उचलायचं नि गोठ्यात ओतायचं.

मीही तेच केलं. कपिलेनं दोन घमेली चाटूनपुसून खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी वैरणीला तोंड लावीना. रवंथ बंद, शेण पातळ. डॉक्टर म्हणाले, "वहिनी, एवढी साखर एकदम पोटात गेली की तिचं आम्ल होतं. गाय दगावतेसुद्धा." आठवडाभर दूध निम्म्यावर आलं. रतिबाच्या पैशांवर मुलीची फी भरायची होती, म्हणजे बघा.

त्यांनीच मुरघासाचा मार्ग सुचवला. मैत्रिणींनो, लोणचं घालणाऱ्या बाईला हे अवघड नाही. हवा कोंडली की सालीतली बरीचशी साखर जिवाणू खातात, तिचं आंबट आम्ल करतात आणि त्या आम्लातच चारा टिकतो. नुसत्या साली मात्र पाणचट. म्हणून चार किलो ताज्या सालींना एक किलो बारीक कापलेला पेंढा मिसळायचा. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पाणी गळू नये. जाड प्लास्टिकच्या पिशवीत थराथरानं तुडवून भरायचं, तोंड घट्ट बांधायचं, सावलीत ठेवायचं. उंदरांनी भोक पाडलं तर सगळी मेहनत वाया! (माझी पहिली पिशवी अशीच गेली.)

महिन्याभरानं उघडली की आंबटगोड वास यायला हवा. काळी बुरशी दिसली तर ते उकिरड्यावरच टाकावं, गुरांना देऊ नये. सुरुवात दोन मुठींनी करावी, आठ-दहा दिवसांत वाढवावं. तीन किलोच्या वर मी जात नाही. यात प्रथिनं कमी, त्यामुळे पेंड चालूच ठेवायची.

परदेशात मांसासाठी पाळलेल्या गुरांनाही फळांचा चोथा असाच मुरवून देतात. आपल्याकडे दुभत्या गाईला आणि बैलांना त्याचा उपयोग. आषाढात पाऊस झोडपत असतो, गवत कापायला बाहेर पडवत नाही, तेव्हा या पिशव्या कामी येतात.

यंदा शेजारच्या काकींनीही दोन भरल्या. बाठ्यांचं मात्र काय करावं, दोघींनाही सुचलेलं नाही. ते तुरट असतात, कपिला हुंगते नि मान फिरवते.