दूध पाजताना लेसर : भीती प्रकाशाची, काळजी मलमाची

"दूध अंगावर आहे ना? मग बाळ वर्षाचं झालं की या." हनुवटीवरचे किंवा काखेतले केस लेसरने काढून घ्यायला गेलेल्या बाळंतिणीला बऱ्याच ठिकाणी हे ऐकावे लागते. कारण विचारले तर 'उगाच रिस्क कशाला' यापलीकडे काही मिळत नाही. संमतिपत्रकाच्या छापील यादीत गर्भारपण आणि स्तनपान एकाच ओळीत बसवलेली असतात, तिथे खूण केली की विषय संपतो. याच्या उलट टोकाचा सल्ला घरातून किंवा शेजारून येतो : लेसर म्हणजे किरण, दोन दिवस पाजू नकोस, दूध काढून टाक. पहिल्या सल्ल्याने फार तर हनुवटीवरचे केस काही महिने जास्त राहतात. दुसऱ्याने बाळाचे हक्काचे दूध मोरीत जाते, आणि तेही विनाकारण.

'किरण' म्हटले की आपल्याला एक्स-रे आठवतो. खरे तर एक्स-रे काढल्यावरही दुधात काही उरत नाही, पण ते असो. लेसर म्हणजे प्रकाशच, एकाच रंगाचा आणि एकवटलेला. १६ मे १९६० रोजी थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेसर चमकवला, त्याची तरंगलांबी होती ६९४ नॅनोमीटर, म्हणजे गडद लाल. केस काढायला सुरुवातीला हेच माणिक वापरले गेले. आता ७५५ नॅनोमीटरचा अलेक्झांड्राइट, ८१० च्या आसपासचा डायोड आणि १०६४ चा एनडी-याग ही यंत्रे दिसतात. यातला कुठलाही प्रकाश अणूंमधले इलेक्ट्रॉन उडवून पेशींमधल्या डीएनएची मोडतोड करण्याइतका ताकदवान नसतो. तो करतो ते एकच काम : तापवतो.

काय तापवायचे आणि काय नाही, याचे गणित रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या संशोधकांनी १९८३ मध्ये मांडले. उन्हात काळी छत्री पांढऱ्या छत्रीपेक्षा लवकर तापते, तसे केसाच्या मुळातले काळे रंगद्रव्य प्रकाश पिऊन तापते आणि भोवतालची फिकट त्वचा त्यामानाने थंड राहते. प्रकाशाचा ठोका काही मिलिसेकंदांचा असला की उष्णता दूरवर पसरण्याआधीच मूळ भाजून निघते. हे सगळे घडते त्वचेखाली काही मिलिमीटरच्या आत. आपल्याकडच्या गव्हाळ आणि सावळ्या त्वचेतही हेच रंगद्रव्य भरपूर असते. म्हणून चुकीचे यंत्र किंवा जादा ताकद वापरली तर त्वचाच भाजते आणि मागे काळे डाग राहतात. सावळ्या त्वचेला १०६४ चा लेसर त्यातल्या त्यात सुरक्षित मानतात. हा धोका खरा आहे, पण त्याचा दुधाशी संबंध नाही.

दूध तयार होते स्तनातल्या सूक्ष्म कोशिकांमध्ये, आणि त्यासाठीचा कच्चा माल येतो रक्तातून. म्हणजे बाहेरची कुठलीही गोष्ट दुधात उतरायची तर तिला आधी आईच्या रक्तात शिरावे लागते. प्रकाश रक्तात साठत नाही. दिवा मालवला की तो संपला. काखेत लेसर केला तरी हेच लागू. मात्र स्तनाच्या ऊतींची एक शेपटी काखेपर्यंत गेलेली असते आणि काहींना बाळंतपणानंतर तिथे दुखरा फुगवटा येतो. तसे असेल तर तेवढा भाग तूर्त सोडावा.

मग काळजी कशाची करायची? लेसरच्या शेजारी ट्रेमध्ये काय ठेवले आहे, त्याची.

केस काढण्याआधी भूल देणारे पांढरे मलम जाडसर थापतात, वर स्वयंपाकघरात वापरतो तसले पारदर्शक प्लास्टिक गुंडाळतात आणि पाऊण-एक तास बसवून ठेवतात. या मलमात बहुतेकदा लिडोकेन आणि प्रिलोकेन ही दोन औषधे अडीच-अडीच टक्के असतात. त्वचेतून ती थोडी रक्तात जातात, आणि रक्तात गेलेले थोडे दुधात. लिडोकेनबद्दलची माहिती दिलासा देणारी आहे. दुधात ते फार कमी उतरते आणि बाळाच्या पोटातून तर त्याहून कमी शोषले जाते. दाताच्या डॉक्टरकडे हिरडीत टोचतात ते हेच, आणि त्यासाठी कुणी पाजणे थांबवत नाही. प्रिलोकेनशी थोडे जपून वागावे. ते जास्त प्रमाणात शरीरात गेले तर रक्तातल्या हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते, आणि तान्ह्या बाळांमध्ये हा बिघाड दुरुस्त करणारे विकर अजून पुरेसे तयार झालेले नसते. हनुवटीपुरते किंवा वरच्या ओठापुरते मलम ही क्षुल्लक गोष्ट आहे. दोन्ही पाय मांडीपासून घोट्यापर्यंत माखून प्लास्टिकमध्ये गुंडाळणे ही क्षुल्लक गोष्ट नाही, आणि त्यात पहिला धोका आईला असतो. अमेरिकेत २२ आणि २५ वर्षांच्या दोन तरुणी पायांना भूल देणारे मलम लावून, वर प्लास्टिक गुंडाळून लेसरला निघाल्या होत्या. दोघींना झटके आले, दोघी बेशुद्ध झाल्या आणि दगावल्या. २००७ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने याबद्दल जाहीर इशारा दिला. छातीवर मलम लावू नये, कुठेही लावले तर बाळाला जवळ घेण्याआधी तो भाग स्वच्छ धुवावा. स्तनाग्रावर राहिलेल्या मलमाने बाळाचे तोंडच बधिर होईल.

काळजीची दुसरी जागा अधिक महत्त्वाची, आणि तिच्याबद्दल आपल्याकडे दबक्या आवाजातच बोलतात. बाळंतपणानंतर मूळव्याध आणि फिशर या तक्रारी अगदी नेहमीच्या. 'लेसरने विनाटाका, एका दिवसात घरी' असे फलक गावोगावी लागलेले असतात. या शस्त्रक्रियेतला लेसरही दुधाला धक्का लावत नाही. कमरेत टोचून दिलेली भूलही नाही. आई शुद्धीवर असेल आणि बाळाला धरू शकत असेल तर पाजू शकते. अडचण घरी पाठवताना दिलेल्या चिठ्ठीत असते. ट्रामाडोल हे वेदनाशामक आपल्याकडे सर्रास दिले जाते. काही माणसांचे यकृत ट्रामाडोल आणि कोडीन ही औषधे फार वेगाने त्यांच्या तीव्र रूपात बदलते, ते रूप दुधात उतरते आणि बाळ गुंगते, त्याचा श्वास मंदावू शकतो. २०१७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पाजणाऱ्या आयांनी ही दोन्ही औषधे घेऊ नयेत असे बजावले. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन चालतात. इसबगोल तर आतड्यातून शोषलेच जात नाही. त्यामुळे शस्त्रक्रियेच्या आधीच डॉक्टरांना सांगावे : "मी बाळाला पाजते, त्या हिशेबाने गोळ्या लिहा."

लेसर केला जातो अशी आणखी एक तक्रार म्हणजे वांग, गालावरचे काळे डाग. गरोदरपणात येतात आणि बाळंतपणानंतर पुष्कळदा आपोआप फिके होतात. त्यांवर लेसरबरोबर डाग उजळणारे हायड्रोक्विनोनचे मलम दिले जाते. लावलेल्यापैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक ते त्वचेतून शोषले जाऊ शकते, म्हणून पाजत असताना ते टाळावे. गोंदण किंवा टॅटू काढणे तर अजिबात घाईचे काम नाही. तिथे लेसर रंगाच्या कणांचा भुगा करतो, तो भुगा शरीरातूनच वाहून जातो आणि रंगीत शाईत काय काय मिसळले होते हे गोंदणाऱ्यालाही सांगता येत नाही. दूध सुटेपर्यंत थांबावे. 'बाळंतपणानंतर पूर्ववत' करून देण्याच्या नावाखाली योनिमार्गावर जे लेसर विकले जातात, त्यांत भाजण्याच्या आणि व्रण राहण्याच्या तक्रारी आल्याने २०१८ मध्ये अमेरिकेच्या त्याच औषध प्रशासनाने इशारा दिला आहे. तो सगळ्याच स्त्रियांसाठी आहे, पाजत असोत वा नसोत.

चष्म्याचा नंबर घालवणारा लेसर वेगळा. १९३ नॅनोमीटरच्या त्या अतिनील प्रकाशाने प्राण्यांच्या ऊती न भाजता सफाईने कापता येतात, हे मद्रासमध्ये जन्मलेल्या रंगस्वामी श्रीनिवासन यांनी १९८१ मध्ये आयबीएमच्या प्रयोगशाळेत सणाच्या उरलेल्या टर्कीच्या मांसावर पडताळले. पाजणाऱ्या आईला तिथे थांबायला सांगतात, त्याचे कारण दूध नसून नंबर आहे. संप्रेरकांमुळे बुबुळाचा बाक आणि चष्म्याचा नंबर थोडा हलता असतो, आणि हलत्या नंबरावर शस्त्रक्रिया केली तर चष्मा परत लागायचा. याउलट मधुमेहामुळे पडदा बिघडत असेल तर पडद्याचा लेसर एक दिवसही लांबवू नये.

गंमत अशी की काही देशांत लेसर थेट पाजणाऱ्या आईच्या स्तनावरच वापरून पाहिला आहे. स्तनाग्राला भेगा पडून जीव नकोसा होतो, तेव्हा कमी ताकदीचा लाल प्रकाश दिला तर वेदना कमी होतात का, याच्या चाचण्या ब्राझीलमध्ये झाल्या. निष्कर्ष संमिश्र आहेत. भेगांवर मुख्य उपाय अजूनही बाळाला नीट पकड शिकवणे हाच आहे.

केसांसाठी वाट पाहायची असेल तर तिचेही एक सरळ कारण आहे, आणि ते पैशांचे आहे. गरोदरपणात वाढलेली चेहऱ्यावरची, पोटावरची लव पुढच्या काही महिन्यांत बरीचशी आपोआप गळते. जे जाणारच आहे त्याच्यासाठी सहा-आठ बैठकांचे पैसे भरण्यात अर्थ नाही.

आणि एक. बाळाला सोबत नेले असेल तर लेसरच्या खोलीत मांडीवर घेऊन बसू नका. ८१० आणि १०६४ चा प्रकाश डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही, पण थेट पडद्यापर्यंत पोहोचतो. तुम्हाला आणि ऑपरेटरला गॉगल असतो, बाळाला नसतो. जळलेल्या केसांच्या धुरातही बेंझीन, टोल्युइनसारखी रसायने सापडली आहेत, तेव्हा खोलीत धूर ओढून घेणारे यंत्र आहे का हेही विचारा. बाळाला आधी पाजा, बाहेर आजीजवळ किंवा बाबांजवळ द्या आणि मग आत जा. बाहेर आल्यावर अंगावर राहिलेले मलम धुऊन टाका आणि बाळाला भूक लागली असेल तर लगेच पाजा. दूध काढून फेकण्याची गरज नाही.