वाळवंटाची सहल: तिकिटाआधी ऋतू पाहा

मुलगा किंवा मुलगी दुबईत, अबूधाबीत नोकरीला आहे म्हणून तिकडे चक्कर मारणारे आई-वडील आता घरोघरी आढळतात. शिवाय ‘पाच दिवस, चार रात्री’च्या सहलींच्या जाहिराती असतातच. आमच्या सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातही मधुमेहाचा किंवा रक्तदाबाचा एखादा रुग्ण महिनाभराच्या गोळ्या एकदम मागतो, तेव्हा कळते की पुढच्या आठवड्यात स्वारी दुबईला निघाली आहे. तारीख बहुतेक वेळा दोन गोष्टींवर ठरलेली असते: नातवंडांची सुट्टी आणि खर्च. जून ते ऑगस्टमध्ये तिथली हॉटेले स्वस्त असतात. ती त्याच महिन्यांत स्वस्त का होतात, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही.

‘डॉक्टर, आम्ही नागपूरचा मे महिना काढलाय, दुबईचं काय घेऊन बसलात?’ असा युक्तिवाद हमखास होतो. त्याचे उत्तर स्वयंपाकघरातल्या माठात आहे. माठातले पाणी बारीक छिद्रांतून पाझरते, त्याची वाफ होते आणि जाताना ती उष्णता घेऊन जाते. म्हणून आतले पाणी गार राहते. शरीराची सोय अगदी हीच. एक लिटर घाम पूर्ण सुकला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. यात ‘सुकला तर’ हे शब्द महत्त्वाचे. पावसाळ्यात माठातले पाणी गार होत नाही आणि नागपुरात उत्तम चालणारा कूलर मुंबईत निरुपयोगी ठरतो, कारण हवेत आधीच भरपूर बाष्प असते. तिथे घाम नुसता निथळतो. शरीरातले पाणी आणि मीठ जाते, पण गारवा मिळत नाही.

दुबई आणि अबूधाबी वाळवंटी देशात असली, तरी ही शहरे समुद्रकाठची आहेत. शेजारचे आखात उथळ आहे. ऑगस्टमध्ये त्याचे पाणी ३२ अंशांच्याही वर तापते आणि किनाऱ्यावरची हवा दमट करून सोडते. त्या दिवसांत दुपारचे तापमान ४० अंशांच्या पुढे असते आणि रात्रीही ते ३० अंशांच्या आसपास राहते. म्हणजे नागपूरची उष्णता आणि मुंबईचा दमटपणा एकाच वेळी. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करवून घेण्यास बंदी असते. धडधाकट, तरुण कामगारांसाठी जिथे हा नियम आहे, तिथे सत्तरीच्या आजी-आजोबांनी त्याच वेळी फिरावे का, याचे उत्तर सोपे आहे.

दुसरे कारण शरीराच्या सवयीचे. उन्हाळ्याला सरावायला शरीराला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. या काळात घाम लवकर आणि जास्त येऊ लागतो, त्यातले मीठ कमी होते, हृदयावरचा ताण उतरतो. उष्णतेपासून दूर गेले की हा सराव काही आठवड्यांत ओसरतो. त्यामुळे मे महिन्यात कमावलेली सहनशक्ती जुलैच्या पावसात बरीचशी गेलेली असते. पाच दिवसांच्या सहलीत ती पुन्हा येईपर्यंत परतीचे विमान सुटते. तिथे राहणारा मुलगा जे सोसतो, ते पाहुण्या आई-वडिलांना सोसवेलच असे नाही.

मग जावे कधी? नोव्हेंबरचा मध्य ते मार्चचा मध्य हा उत्तम काळ. जानेवारीत दिवसाचे तापमान २४-२५ अंश आणि रात्री १५ अंशांच्या आसपास असते. वाळवंटात आत मुक्काम असेल तर त्याहून गार, म्हणून स्वेटर हवाच. डिसेंबरचा शेवटचा आठवडा हवेने छान, पण गर्दीचा आणि महाग. नातवंडांच्या शाळेशी बांधलेले नसाल, तर जानेवारीचा उत्तरार्ध किंवा फेब्रुवारी निवडा. दिवाळी ऑक्टोबरमध्ये आली, तर दुपारी अजून ३५ अंश असू शकतात. नोव्हेंबरात आली तर खुशाल जा. एप्रिल निरोगी माणसाला चालेल, मेपासून मात्र वृद्धांनी बेत टाळावा. रमजान दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकतो. त्या महिन्यात उपाहारगृहांच्या आणि प्रेक्षणीय स्थळांच्या वेळा बदलतात. जेवणाची वेळ पाळावी लागणाऱ्या मधुमेहींनी तारखा आधी पाहाव्यात.

सुट्टी फक्त जुलै-ऑगस्टमध्येच मिळत असेल, तर एक पर्याय आहे: ओमानमधील सलालाह. आपल्याकडे पाऊस आणणारे नैर्ऋत्य मोसमी वारेच तिथे धुके आणि रिमझिम आणतात. डोंगर हिरवे होतात आणि आखाती शहरे तापलेली असताना तिथली हवा आल्हाददायक असते.

बाळंतपणासारख्या कारणाने उन्हाळ्यातच जावे लागले, तर काही गोष्टी पाळा. सकाळी दहा ते संध्याकाळी पाचपर्यंत घरात किंवा मॉलमध्ये राहा. वाळवंटातली सफर रद्द करा. वातानुकूलित जागेत तहान जाणवत नाही, म्हणून ठरवून पाणी प्या. लघवी गडद पिवळी झाली, तर पाणी कमी पडते आहे असे समजा. मात्र हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर बंधन असेल, तर प्रमाण डॉक्टरांना विचारा. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, रक्तदाबाची आणि मानसिक आजारांची काही औषधे उष्णतेचा त्रास वाढवू शकतात. ती स्वतःहून बंद करू नका. निघण्यापूर्वी दोन-तीन आठवडे डॉक्टरांना भेटा. इन्सुलिन गाडीत ठेवू नका. ट्रॅमाडॉल, कोडीन यांसारख्या वेदनाशामकांवर तिथे कडक निर्बंध आहेत. औषधे मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह न्या आणि परवानगी लागते का ते आधीच तपासा.

उन्हात फिरलेला माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला किंवा अंग चटका बसावा इतके तापले, तर तो उष्माघात समजा. घाम येत असला तरी उष्माघात असू शकतो. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, मान, काखा आणि जांघेत बर्फ ठेवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडाने पाणी देऊ नका. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नसतो. अमिरातीत रुग्णवाहिकेचा क्रमांक ९९८ आहे. गार करणे चालू ठेवूनच तो फिरवा.

उन्हाळ्यातल्या सहलीत वाचलेले पैसे तिथल्या रुग्णालयात एका रात्रीत संपू शकतात. म्हणून प्रवास विमा काढताना वय आणि जुने आजार लपवू नका. आणि मुलाने मे महिन्याचे तिकीट काढायला घेतले, तर त्याला सांगा, ‘बाबा रे, आम्ही जानेवारीत येतो.’ नातवंडे तेव्हा शाळेत जातील हे खरे. पण संध्याकाळी त्यांच्याबरोबर बागेत तासभर बसता येईल, ऑगस्टमध्ये तेही जमत नाही.