चुकीच्या अनुवादाची किंमत

‘झिरो विंग’ या १९८९ मधील जपानी व्हिडिओ खेळाच्या युरोपीय आवृत्तीतील मोडके इंग्रजी जगभर विनोदाचा विषय झाले. तेथे चुकीची किंमत हसण्यापुरतीच होती. नांदेड-लातूरचे तसे नाही. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामी राज्यात होता. त्याचे जुने दफ्तर उर्दूत, काही नोंदी मोडीत. २०२३ साली न्या. संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध आरंभिला, तेव्हा सारी भिस्त या लिपी जाणणाऱ्यांवरच होती. एका शब्दाच्या वाचनावर जातीचा दाखला आणि दाखल्यावर विद्यार्थ्याचा प्रवेश ठरतो. खेळातील चूक पुढील आवृत्तीत सुधारता येते. हुकलेले वर्ष परत येत नाही. म्हणूनच दफ्तरखान्यात जाणत्या अनुवादकांची पुरेशी कायम पदे असणे, हाच काटकसरीचा खरा हिशेब होय.