बाग जाते, तेव्हा शेजारही जातो

13 जून 2006 रोजी पहाटे लॉस एंजल्स शहराच्या दक्षिण भागात पोलिसांचा ताफा येऊन थडकला आणि त्यापाठोपाठ बुलडोझर. 14 एकरांच्या एका भूखंडावरील मका, निवडुंग, ऊस आणि पेरूची झाडे आडवी झाली. 'साउथ सेंट्रल फार्म' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जागेत सुमारे 350 कुटुंबे आपापले वाफे राखून होती. त्यांतील बहुतेक मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेली.

या जमिनीची कथाही वेधक आहे. कचरा जाळण्याची भट्टी उभारण्यासाठी शहराने 1980 च्या दशकात ती सक्तीने संपादित केली होती. रहिवाशांच्या विरोधामुळे भट्टी बारगळली. 1992 च्या दंगलीनंतर जागा एका अन्नपेढीकडे आली आणि तिने ती आसपासच्या कुटुंबांना लागवडीसाठी खुली केली. पुढे 2003 मध्ये शहराने हीच जागा पूर्वीच्या मालकाला सुमारे 50 लाख डॉलरना विकली. शेतकऱ्यांना ती विकत घ्यायची झाली तेव्हा मागितली गेलेली किंमत होती एक कोटी 60 लाख डॉलरच्या वर! जमिनीचा भाव असा दोनदा ठरला. तेथे दररोज संध्याकाळी भेटणाऱ्या माणसांचे काय गेले, याचा हिशेब मात्र कोणत्याच व्यवहारात मांडला गेला नाही.

तो हिशेब मानसिक आरोग्याच्या भाषेत मांडता येतो. अमेरिकेत लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांना 'लॅटिनो' म्हटले जाते. 2020 च्या जनगणनेत त्यांची संख्या सहा कोटी 20 लाखांवर, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या जवळपास 19 टक्के होती. या समाजाविषयी संशोधकांना एक कोडे फार पूर्वीपासून पडले आहे. नव्याने स्थलांतरित झालेले लोक गरीब असतात, अनेकांना इंग्रजी येत नाही, काहींच्या डोक्यावर हद्दपारीची टांगती तलवार असते. तरीही मानसिक विकारांचे प्रमाण त्यांच्यात अमेरिकेत जन्मलेल्या त्यांच्या मुलांपेक्षा कमी आढळते. एकत्र कुटुंब, स्वभाषा आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचे घट्ट जाळे त्यांना सावरते, असे यामागचे एक प्रमुख स्पष्टीकरण आहे. हे जाळे टिकायचे तर माणसांना जमायला जागा हवी. दाटीवाटीच्या भाड्याच्या घरात ती नसते. ती मिळते बागेत किंवा वाफ्याच्या बांधावर.

केवळ हिरवळीनेही मनावर परिणाम होतो, हे आता प्रयोगाने दाखवले गेले आहे. फिलाडेल्फिया शहरातील 541 ओसाड भूखंडांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. काही भूखंडांवरचा कचरा काढून जमीन सपाट केली, गवत पेरले, थोडी झाडे लावली आणि ठेंगणे लाकडी कुंपण घातले. काहींवर फक्त साफसफाई केली. उरलेल्या भूखंडांना हातही लावला नाही. हिरवळ केलेल्या भूखंडांजवळच्या रहिवाशांमध्ये खिन्नता जाणवत असल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण 41.5 टक्क्यांनी घटले. गरीब वस्त्यांत ही घट आणखी मोठी होती. नुसत्या साफसफाईने मात्र लक्षणीय फरक पडला नाही. ही पाहणी केवळ लॅटिनोंची नव्हती, पण अशा वस्त्यांत ओसाड भूखंडांचा तोटा नाही हे ध्यानात घेतले, तर तिचे महत्त्व कळते.

मग सरळ उद्याने वाढवावीत, हे उत्तर सोपे वाटते. शिकागोच्या अनुभवाने ते अवघड केले. तेथील 'लिटल व्हिलेज' या मेक्सिकन वस्तीत डांबरी छपरांच्या जुन्या कारखान्याच्या प्रदूषित जागेवर, रहिवाशांच्या दीर्घ लढ्यानंतर, डिसेंबर 2014 मध्ये 'ला व्हिलिता पार्क' खुले झाले. मागणी वस्तीची होती. मुलांना फुटबॉलचे मैदान मिळाले, मोठ्यांना बसायला जागा. त्याच शहरात 2015 मध्ये एका बंद पडलेल्या उन्नत रेल्वेमार्गावर 'द 606' हा सुमारे सव्वाचार किलोमीटरचा हिरवा पट्टा साकारला. त्याचा पश्चिमेकडील भाग हम्बोल्ट पार्क आणि लोगन स्क्वेअर या लॅटिनो वस्त्यांतून जातो. वाट देखणी, लोक सकाळ-संध्याकाळ फिरू लागले. मात्र पट्ट्यालगतच्या घरांच्या किमती भडकल्या, भाडी वाढली आणि अनेक जुनी कुटुंबे दूर गेली. झाडे दारी आली तेव्हा त्यांच्या सावलीत बसणारे बदलले होते. घर सुटण्याची धास्ती असलेल्या माणसाला समोरची हिरवळ किती शांत करील, हा प्रश्न नियोजनकारांनी फार उशिरा विचारला.

शिकागोच्या नगर परिषदेने अखेर 2021 मध्ये या पट्ट्यालगतची घरे पाडण्यावर अधिभार लावला आणि दोन-तीन बिऱ्हाडांची जुनी घरे मोडून एकाच कुटुंबाचे घर करण्यावरही निर्बंध घातले. लॉस एंजल्समधील शेतकऱ्यांपैकी काहींनी बेकर्सफील्डजवळ, शहरापासून दीडशेहून अधिक किलोमीटरवर, नवी जमीन कसायला घेतली. तेथे पीक येते, पण कामावरून सुटल्यावर पाऊल वळवावे, इतकी ती जवळ नाही.