आभासीकरण, प्रक्रियकसाहाय्यित

एकाच संगणकावर परस्परांपासून अलग अशा अनेक परिचालन प्रणाली एकाच वेळी चालविता याव्यात यासाठी प्रक्रियकाच्या, म्हणजे प्रोसेसरच्या, रचनेतच केलेली सोय. विंडोज, लिनक्स यांसारख्या ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे परिचालन प्रणाली होत. अशा प्रत्येक प्रणालीस आपणास स्वतंत्र संगणक लाभला आहे असा भास करून देणाऱ्या आज्ञावलीस अधिनियंत्रक किंवा हायपरव्हायजर म्हणतात, तर त्या भासमान संगणकास आभासी यंत्र म्हणतात. प्रत्यक्ष संगणक हा यजमान आणि आभासी यंत्रातील प्रणाली ही पाहुणी प्रणाली होय. ही सोय इंटेल कंपनीच्या प्रक्रियकांत व्हीटी-एक्स व एएमडी कंपनीच्या प्रक्रियकांत एएमडी-व्ही किंवा एसव्हीएम या नावाने ओळखली जाते. पुष्कळदा ती प्रक्रियकात असूनही बंद ठेवलेली असते. अशा वेळी आभासी यंत्र सुरू होत नाही व प्रक्रियकच कालबाह्य झाला आहे असा गैरसमज होऊन चांगला संगणक बदलला जाण्याचा संभव असतो.

इतिहास : आभासी यंत्राची कल्पना मोठ्या संगणकांच्या काळातील आहे. आयबीएम कंपनीच्या केंब्रिज येथील वैज्ञानिक केंद्रात १९६० नंतरच्या दशकात सीपी-४० ही प्रायोगिक प्रणाली तयार झाली. तिच्याच परंपरेतील व्हीएम/३७० ही प्रणाली १९७२ मध्ये जाहीर झाली. कोणत्या प्रक्रियकावर आभासी यंत्रे सुलभपणे चालविता येतील यासंबंधीच्या अटी जेरल्ड पोपेक व रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्ये मांडल्या. यंत्राची स्थिती बदलणारी किंवा उघड करणारी प्रत्येक आज्ञा सामान्य आज्ञावलीने वापरताच प्रक्रियकाने ती अडवून नियंत्रकाकडे सोपविली पाहिजे, हे त्यांचे सार होय.

वैयक्तिक संगणकांत रूढ झालेला एक्स८६ जातीचा प्रक्रियक या अटीस उतरत नव्हता. पेंटियम प्रक्रियकातील अशा सतरा आज्ञा २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात दाखविण्यात आल्या. उदा., पॉप-एफ ही आज्ञा सामान्य आज्ञावलीने दिली असता व्यत्ययांची परवानगी बदलण्याची विनंती प्रक्रियक अडवीत नाही. तो तिच्याकडे निमूटपणे दुर्लक्ष करतो. त्यामुळे अधिनियंत्रकास काही घडल्याचे कळतच नाही. व्हीएमवेअर कंपनीने १९९९ मध्ये अशा आज्ञांचे चालू असतानाच भाषांतर करून, तर झेन या अधिनियंत्रकाने २००३ मध्ये पाहुण्या प्रणालीतच फेरबदल करून ही अडचण टाळली. पुढे इंटेलने नोव्हेंबर २००५ मध्ये व एएमडीने मे २००६ मध्ये ही सोय असलेले प्रक्रियक बाजारात आणले. लिनक्सच्या गाभ्यात केव्हीएम हा अधिनियंत्रक २००७ मध्ये समाविष्ट झाला.

कार्यपद्धती : या सोयीमुळे प्रक्रियकास दोन अवस्था प्राप्त होतात. यजमान अवस्थेत अधिनियंत्रक चालतो आणि पाहुण्या अवस्थेत पाहुणी प्रणाली चालते. पाहुण्या प्रणालीने नाजूक आज्ञा दिली की, प्रक्रियक तिची स्थिती स्मृतीतील एका ठराविक तक्त्यात जतन करून नियंत्रण अधिनियंत्रकाकडे देतो. योग्य ती कार्यवाही झाल्यावर पाहुणी प्रणाली थांबली तेथूनच पुढे चालू होते. स्मृतीच्या पत्त्यांचे दुहेरी रूपांतर प्रक्रियकातच करण्याची जोड एएमडीने २००७ मध्ये व इंटेलने २००८ मध्ये दिली. त्यामुळे अधिनियंत्रकाचा बराच भार कमी झाला.

सोय बंद असण्याचे मूळ : संगणक सुरू होताच प्रथम चालणारी आज्ञावली फर्मवेअर ही असते. जुन्या संगणकांत तिला बायोस म्हणतात, तर नव्या संगणकांत यूईएफआय म्हणतात. इंटेलच्या प्रक्रियकात एका विशिष्ट नोंदकात ही सोय सुरू करण्याचा बिट आणि त्याला कुलूप लावण्याचा बिट असे दोन्ही असतात. फर्मवेअरने सोय बंद ठेवून कुलूप लावले की, संगणक पुन्हा आरंभित होईपर्यंत कोणतीही परिचालन प्रणाली ते उघडू शकत नाही. एएमडीच्या प्रक्रियकातही सोय रोखण्याची अशीच योजना आहे.

हे बंधन निरर्थक नाही. संगणकात शिरलेली घातक आज्ञावली स्वतःच अधिनियंत्रक बनून मूळ प्रणालीला नकळत आभासी यंत्रात कोंडू शकते. जोआना रुटकोव्स्का यांनी ऑगस्ट २००६ मध्ये ‘ब्लू पिल’ या नावाने याचे प्रात्यक्षिक दाखविले होते. त्यामुळे ज्यास या सोयीची गरज नाही त्याच्या संगणकावर ती बंद असणे हे सावधगिरीचे ठरते.

लक्षणे : आभासी यंत्र सुरू करताना त्रुटीचा संदेश येणे, व्हर्च्युअलबॉक्समध्ये पाहुण्या प्रणालींच्या यादीत केवळ ३२ बिटी प्रकार दिसणे, अँड्रॉइडचे अनुकरण करणारी आज्ञावली न चालणे किंवा अत्यंत मंद चालणे ही नेहमीची लक्षणे होत. व्हर्च्युअलबॉक्सच्या २०१९ मधील ६.१ या आवृत्तीपासून तर या सोयीवाचून आभासी यंत्र चालतच नाही. संदेशाचे शब्द नीट वाचणे महत्त्वाचे असते. ‘बायोसमध्ये बंद’ असा उल्लेख असल्यास प्रक्रियक समर्थ असून अडथळा फर्मवेअरचा आहे असे समजावे. ‘उपलब्ध नाही’ या शब्दांना मात्र तीन अर्थ संभवतात : प्रक्रियकात सोयच नाही, ती बंद आहे किंवा ती दुसऱ्या अधिनियंत्रकाने आधीच ताब्यात घेतली आहे. हे तीन अर्थ वेगळे करणे हेच दोषशोधनाचे मर्म होय.

दोषशोधन : प्रथम प्रक्रियकाचा क्रमांक पाहून निर्मात्याच्या तपशिलात ही सोय नमूद आहे की नाही याची खात्री करावी. इंटेलच्या अ‍ॅटम एन२७० सारख्या काही जुन्या प्रक्रियकांत ती मुळातच नाही. तेथे कोणताही उपाय चालत नाही.

यानंतर सोयीची स्थिती पहावी. विंडोज ८ व त्यापुढील आवृत्त्यांत टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स या विभागात सीपीयू निवडल्यास ‘व्हर्च्युअलायझेशन’ या शब्दापुढे ती सुरू की बंद हे दिसते. लिनक्समध्ये प्रक्रियकाच्या वैशिष्ट्यांच्या यादीत इंटेलसाठी व्हीएमएक्स व एएमडीसाठी एसव्हीएम ही खूण शोधावी. तथापि खूण दिसली म्हणजे सोय सुरू असेलच असे नाही. प्रक्रियक आपले सामर्थ्य सांगत असतो, कुलपाची स्थिती नव्हे. म्हणून गाभ्याच्या नोंदवहीत बायोसने सोय बंद केल्याचा संदेश आहे का, तेही पहावे.

सोय बंद असल्यास संगणक पुन्हा सुरू करून एफ२, डिलीट किंवा निर्मात्याने ठरविलेली अन्य कळ दाबून फर्मवेअरच्या मांडणीत जावे. तेथे अ‍ॅडव्हान्स्ड किंवा सीपीयू कॉन्फिगरेशन अशा सदरात ‘इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’ अथवा ‘एसव्हीएम मोड’ हा पर्याय असतो. तो सुरू करून बदल जतन करावा. शेजारी आढळणारा व्हीटी-डी हा पर्याय वेगळा असून तो उपकरणे थेट आभासी यंत्राकडे सोपविण्यासाठी असतो. केवळ तो सुरू केल्याने प्रस्तुत अडचण सुटत नाही. काही संगणकांत बदल लागू होण्यासाठी यंत्र पूर्ण बंद करून वीजपुरवठा तोडावा लागतो. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असल्यास शट डाउन केल्याने गाभा खऱ्या अर्थाने बंद होत नाही. तेव्हा रीस्टार्ट हा पर्याय वापरावा.

मांडणीत सोय सुरू असूनही आभासी यंत्र चालत नसल्यास ती अन्यत्र गुंतली असण्याचा संभव असतो. विंडोजमधील हायपर-व्ही, लिनक्ससाठीची डब्ल्यूएसएल-२ ही उपप्रणाली आणि ‘मेमरी इंटेग्रिटी’ हे सुरक्षाकवच ही सर्व याच सोयीवर उभी आहेत. विंडोजचा अधिनियंत्रक चालू असताना सिस्टिमइन्फो ही आज्ञा केवळ अधिनियंत्रक आढळल्याचे सांगते व आवश्यक वैशिष्ट्ये दाखवीत नाही. त्याचा अर्थ ती नाहीत असा करू नये. लिनक्स गाभ्याच्या २०२४ मधील ६.१२ या आवृत्तीपासून केव्हीएम भरले जाताच सोय ताब्यात घेते. त्यामुळे व्हर्च्युअलबॉक्सशी तंटा उद्भवल्यास केव्हीएम तात्पुरते उतरवावे लागते. आभासी यंत्रातच दुसरे आभासी यंत्र चालवावयाचे असल्यास बाहेरच्या अधिनियंत्रकाने ही सोय आत उघड केलेली असावी लागते.

खबरदारी : डिस्कवर बिटलॉकरचे सांकेतिक संरक्षण असल्यास फर्मवेअरमधील बदलानंतर पुनःप्राप्ती-किल्ली विचारली जाण्याचा संभव असतो. ती जवळ नसल्यास स्वतःचीच माहिती हाती लागत नाही. म्हणून बदलापूर्वी ती मिळवून ठेवावी. कार्यालयाच्या संगणकावर मांडणीस परवलीचा शब्द असल्यास व्यवस्थापकाची अनुमती घ्यावी. आभासी यंत्रासाठी मेमरी इंटेग्रिटी बंद करण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. परंतु त्यामुळे परिचालन प्रणालीच्या गाभ्याचे संरक्षण कमी होते. त्यापूर्वी विंडोजच्या अधिनियंत्रकाशी जुळवून घेणारी आभासी यंत्राची नवी आवृत्ती वापरून पहावी. जी सोय घातक आज्ञावलीच्या हाती पडू नये म्हणून पूर्वी बंद ठेवली जात असे, तीच आता परिचालन प्रणालीच्या संरक्षणाचा आधार झाली आहे.