एका फायलीचे अनेक पैलू
शिक्षकांच्या सामायिक संकेतस्थळावर सातवीच्या अपूर्णांकांची कृतिपत्रिका ‘गणित’, ‘सातवी’ की ‘सराव’ यांपैकी कोणत्या फोल्डरमध्ये ठेवावी, हा पेच मुळात ग्रंथालयशास्त्राचा असून, ग्रंथपाल एस. आर. रंगनाथन यांच्या १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कोलन’ वर्गीकरणात त्याची उकल सापडते. विषयाला एकाच साच्यात न कोंबता त्याचे स्वतंत्र पैलू नोंदवावेत, हे त्यामागील तत्त्व होय; इयत्ता, घटक, माध्यम, वर्ष अशा नोंदींना, म्हणजेच माहितीविषयीच्या माहितीला, आज मेटाडेटा म्हणतात. मात्र या नोंदी मोकळ्या हाताने लिहू दिल्यास ‘७ वी’, ‘सातवी’ आणि ‘इ. ७’ या संगणकाच्या लेखी तीन निराळ्या इयत्ता ठरतात, म्हणून ठरावीक पर्यायांची यादी, अर्थात नियंत्रित शब्दसंग्रह, लागतो. ‘फायनल-नवीन-२’ अशी नावे देणाऱ्या उत्साही सहकाऱ्यांवर (ते प्रत्येक शाळेत असतातच) अपलोड करतानाच वर्षाची नोंद सक्तीची करण्याइतका परिणामकारक उपाय दुसरा नाही.