विश्लेषण : ‘तुक्का’ मारावा की प्रश्न सोडून द्यावा? निगेटिव्ह मार्किंगचे गणित काय सांगते?

परीक्षेची शेवटची दहा मिनिटे उरली आहेत आणि वीस प्रश्नांची उत्तरे अजिबात येत नाहीत. गोळे भरायचे की प्रश्न कोरे सोडायचे? ‘नीट’पासून यूपीएससीपर्यंत लाखो विद्यार्थ्यांना हा पेच पडतो. त्याचे उत्तर दहावीच्या पुस्तकातील संभाव्यतेच्या प्रकरणात दडलेले आहे.

निगेटिव्ह मार्किंग कसे असते?

‘नीट-यूजी’मध्ये १८० प्रश्न आणि ७२० गुण असतात. बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात, चुकीच्या उत्तराला १ गुण वजा होतो आणि प्रश्न सोडल्यास शून्य. यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेत सामान्य अध्ययनाच्या पहिल्या पेपरमध्ये १०० प्रश्न २०० गुणांसाठी असतात. तेथे चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांपैकी एक तृतीयांश गुण कापले जातात. एमएचटी-सीईटीत मात्र चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. त्यामुळे तेथे एकही प्रश्न कोरा सोडण्यात अर्थ नाही.

डोळे मिटून उत्तर दिले तर?

चार पर्याय आहेत आणि कशाचाच अंदाज नाही, असे धरू. तेव्हा उत्तर बरोबर येण्याची संभाव्यता १/४ असते. असे चार प्रश्न सोडवले तर सरासरी एक बरोबर येईल आणि तीन चुकतील. ‘नीट’च्या हिशेबाने ४ गुण मिळाले, ३ गेले, चार प्रश्नांत १ गुणाचा फायदा. म्हणजे प्रत्येक प्रश्नामागे सरासरी पाव गुण. यूपीएससीत २ गुण मिळतील आणि तीन चुकांचे मिळून २ गुण जातील. फायदा शून्य, तोटाही शून्य. नियमातील एक तृतीयांशाचा आकडा असा नेमका बसतो.

एखादा पर्याय बाद करता आला तर?

येथे चित्र झपाट्याने बदलते. एक पर्याय नक्की चूक आहे हे कळले, तर संभाव्यता १/३ होते. तेव्हा ‘नीट’मध्ये प्रत्येक प्रश्नामागे सरासरी ०.६७ गुण मिळतो. दोन पर्याय बाद झाले तर हा आकडा १.५ वर जातो. यूपीएससीत तेच आकडे अनुक्रमे ०.२२ आणि ०.६७ आहेत. थोडक्यात, विषयाच्या अर्ध्यामुर्ध्या माहितीलाही किंमत आहे. मात्र ती माहिती खरी हवी.

चार तुक्क्यांत एक तरी बरोबर येतोच ना?

नाही. बहुतेकांची गल्लत येथेच होते. १/४ ची चार वेळा बेरीज केली की १ येतो, म्हणून एक उत्तर हमखास बरोबर, असा तर्क केला जातो. पण एकाच वेळी दोन किंवा तीन उत्तरेही बरोबर येऊ शकतात. म्हणून ही बेरीज चालत नाही. सगळ्या शक्यता मोजाव्या लागतात.

चार प्रश्नांना उत्तरे देण्याचे एकूण प्रकार ४ × ४ × ४ × ४ म्हणजे २५६. प्रत्येक प्रश्नाला चुकीचे पर्याय तीन, म्हणून चारही उत्तरे चुकण्याचे प्रकार ३ × ३ × ३ × ३ म्हणजे ८१. नेमके एक बरोबर येण्याचे प्रकार : तो प्रश्न चारपैकी कोणताही असू शकतो आणि उरलेले तीन चुकण्याचे प्रकार २७, म्हणून ४ × २७ = १०८. चारपैकी दोन प्रश्न सहा प्रकारे निवडता येतात, म्हणून नेमके दोन बरोबर येण्याचे प्रकार ६ × ९ = ५४. तीन बरोबर येण्याचे १२ आणि चारही बरोबर येण्याचा १. या सर्वांची बेरीज बरोबर २५६ येते.

म्हणजे चारही तुक्के फसण्याची संभाव्यता ८१/२५६, जवळपास ३२ टक्के. ‘किमान एक’ असा शब्द प्रश्नात दिसला, की आधी ‘एकही नाही’ची संभाव्यता काढावी आणि ती एकातून वजा करावी, ही युक्ती येथे कामी येते. १७५/२५६, म्हणजे सुमारे ६८ टक्के, हे खरे उत्तर.

फ्रेंच गणितज्ञ पास्कल आणि फर्मा यांच्या १६५४ मधील पत्रव्यवहारात याच धाटणीचा प्रश्न येतो : फासा चार वेळा टाकल्यास किमान एकदा सहा पडण्याची शक्यता किती? उत्तर ६७१/१२९६, म्हणजे जेमतेम ५२ टक्के.

मग सरासरीवर किती भरवसा ठेवावा?

‘नीट’मध्ये २० प्रश्नांना डोळे मिटून उत्तरे दिली, तर सरासरी ५ गुण वाढतात. पण ही सरासरी आहे, हमी नव्हे. असे १०० विद्यार्थी घेतले तर साधारण ५८-५९ जणांचे गुण वाढतील. सुमारे १९ जणांची नेमकी चार उत्तरे बरोबर येऊन मिळालेले आणि गेलेले गुण सारखेच ठरतील आणि २२-२३ जणांचे गुण कमी होतील. एकेका गुणावर क्रमवारी पालटत असताना ही जोखीम घ्यायची का, हे ज्याने त्याने ठरवायचे.

‘सगळीकडे एकच पर्याय भरा’ हा सल्ला कितपत खरा?

बरोबर उत्तरे चारही पर्यायांत सारखी विखुरलेली असतील, तर सर्वत्र ‘क’ भरल्याने सरासरी वाढत नाही आणि घटतही नाही. ‘सलग तीन उत्तरे ब आली, आता ब येणार नाही’ हा तर्कही टिकत नाही. आधीच्या प्रश्नाचे उत्तर काय होते, हे पुढच्या प्रश्नाला ठाऊक नसते.

हे गणित कोठे फसते?

चारही पर्याय सारखेच संभाव्य आहेत, या गृहीतकावर वरचा हिशेब उभा आहे. प्रश्नपत्रिका काढणारा मात्र अर्धवट अभ्यास केलेल्याला पटेल असाच चुकीचा पर्याय ठेवतो. त्यामुळे ‘असेच काहीसे वाचले होते’ म्हणून निवडलेले उत्तर १/४ पेक्षाही कमी वेळा बरोबर ठरू शकते. ‘नीट’मध्ये फायदा-तोट्याची सीमारेषा पाचात एक आहे, यूपीएससीत चारात एक.

आपण या रेषेच्या कोणत्या बाजूला आहोत, हे सराव परीक्षेतून कळते. अंदाजाने दिलेल्या प्रत्येक उत्तरापुढे खूण करावी आणि नंतर त्यांतली किती बरोबर आली, हे वेगळे मोजावे. एका पेपरवरून निष्कर्ष काढू नये. आठ-दहा पेपरांचा हिशेब एकत्र मांडावा. आपले अंदाज सीमारेषेच्या वर असतील तर परीक्षेत गोळा भरावा. खाली असतील तर प्रश्न सोडून देण्यातच शहाणपण आहे.